खासगी चौपाटी

ऋषी भानारकर तिसऱ्यांदा दुकानात आले
तेव्हा इम्पेलर गोणपाटात गुंडाळलेला होता,
आजारी कोंबडी आणावी तसा.
उघडून पाहिला. पाती झिजून
जुन्या विळ्यासारखी झालेली.
"रेती खाते," मी म्हटलं.
"खाऊ दे," ते म्हणाले, "तिलेही पोट हाय."

माझं मोटर बांधायचं दुकान, इंदोऱ्यात.
इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच,
म्हणून आमच्याकडे लोक तलावाकाठी भेळ खातात
आणि त्याला चौपाटी म्हणतात.
भानारकरांना खरी पाहिजे होती,
कन्हानच्या काठी, पाऊण एकराच्या धुऱ्याला लागून,
जिथे त्यांच्या आईची डांगरवाडी होती
आणि आता नुसती काळी चिकणमाती,
वर ट्रकच्या चाकांच्या दोन नाल्या.

पंप दहा हॉर्सपॉवरचा, चार ड्रमच्या तराफ्यावर.
सहा इंची पाइप डोहात,
जिथे पोकलेनचा हात पोचला नव्हता.
एक घमेलं रेती वर यायची तर
सात घमेली पाणी यावं लागतं.
पाणी परत पळतं, बारीक रेती त्याच्यामागे,
जाडी तेवढी थांबते.
तिच्यासाठी बांबूचे तट्टे, खताच्या पोत्यांचा बांध,
आणि उतार असा, की उभं राहिलं तर
टाचेला कळावा, डोळ्याला नाही.

हे त्यांना येत होतं.
एकतीस वर्षं सिलेवाड्याच्या खाणीवर
हेच काम त्यांनी उलटं केलेलं.
वरून रेती-पाणी सोडायचं,
खाली कोळसा काढलेल्या पोकळीत भरायचं,
छत बसू नये म्हणून.
पाइपाला कान लावून सांगायचे
कुठल्या वाकणावर अडलं ते.
"कन्हानचीच रेती," एकदा चहा पिताना म्हणाले,
"किती गेली, मोजली नाही.
मोजणारा बाबू वेगळा होता."

मार्चमध्ये तलाठी आला. पोरगाच,
हेल्मेट न काढता विचारलं, रॉयल्टीची पावती?
"नेली नाही कुठंच. नदीतली नदीलेच देऊन राहिलो."
त्याच्या कागदावर उत्खनन होतं, साठा होता, वाहतूक होती,
परत देण्याचा रकाना नव्हता.
बराच वेळ पेन हलवत उभा राहिला.
मग बूट काढून रेतीवर दोन चकरा मारल्या,
पाय धुतले,
आणि दंडाची नोटीस लिहिली.

पुतण्यानं पत्र्यावर रंगवून दिलं:
खासगी चौपाटी. परवानगीशिवाय येऊ नये.
पहिल्याच आठवड्यात म्हशी आल्या.

ऑगस्टमध्ये वरच्या धरणाची दारं उघडली.
पाणी ओसरल्यावर मी गेलो.
तट्टे नाहीत, पाटी नाही,
एक ड्रम बाभळीत अडकलेला.
मला वाटलं बसतील डोक्याला हात लावून.
ते काठाकाठानं खाली चालत निघाले,
मी चिखलात मागे, चप्पल हातात.
अर्ध्या कोसावर, वळणाआड,
बिसेनच्या बांधाखाली ती बसली होती,
ओली, पसरट, कोणी न मागता.
त्यांनी मूठभर उचलली, तळहातावर पसरली,
अंगठ्यानं दाणे बाजूला केले.
"माहीच हाय."
ओळखता?
"एवढी वर्षं पाठवली ना बापू,
पोचलेली कधी पाह्यली नव्हती."

परवा, भर मे महिन्यात, चौथ्यांदा आले.
एका हातात गोणपाट, दुसऱ्या हातात डांगर.
"बिसेनच्या बायकोनं लावले होते. खा.
पैसे पुढच्या महिन्यात देतो."
वायर सोलायच्या सुरीनं कापलं.
गोड बेताचंच.
दुसऱ्या फोडीत दाताखाली काहीतरी कचकलं.
ते माझ्या तोंडाकडेच पाहत होते.
"जाडी हाय नं?" त्यांनी विचारलं.